कुत्रा चावल्यास भरपाई कोणाकडून : मालक की महापालिका?

पाळीव कुत्रा चावल्यास जबाबदार व्यक्ती समोर दिसत असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ताब्यातील प्राण्यापासून संभवणारा धोका टाळण्यात हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र एवढ्या दंडातून उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च भागणे कठीण असल्याने खऱ्या भरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणे ओघाने आलेच.

मोकाट कुत्र्याच्या बाबतीत दाद स्थानिक संस्थेकडे किंवा राज्याकडे मागावी लागते. तिथे प्रश्न कायद्यापेक्षा यंत्रणेचा अधिक आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असल्यास दर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २०,००० रुपये असा हिशेब ठरवून जिल्हास्तरीय समित्यांकडे अर्जांचा निर्णय सोपवला. हा हिशेब काहीसा विचित्र वाटला, तरी जखमीच्या दृष्टीने तो दिवाणी दाव्याहून निश्चितच सोयीचा आहे. तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. युक्तिवादात त्याचा आधार मात्र घेता येतो. दोन्ही प्रकरणांत उपचारांची कागदपत्रे आणि जखमेची छायाचित्रे पहिल्याच दिवसापासून जपावीत.