कढई आहे, मग वॉक कशाला?

घरात बिडाची कढई असताना वॉक, म्हणजे परतण्यासाठीची पातळ पत्र्याची चिनी कढई, घ्यायचा का, हे ठरवण्याआधी तो शब्द नीट ऐकावा. अर्धं उत्तर त्यातच आहे.

'वॉक' हा कँटोनीज शब्द, दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग आणि हाँगकाँगकडचा. चीनच्या प्रमाणभाषेतला, मँडरिनमधला 'ग्वो' त्याहून ऐसपैस: भाताचं भांडं, रश्शाचं पातेलं, सगळंच ग्वो. ही भांडी बोलण्यातही मुरली आहेत. आपण दुसऱ्यावर खापर फोडतो. मँडरिनमध्ये ज्याच्यावर फुटतं तो 'काळा ग्वो पाठीवर वाहतो'. कँटोनीजमध्ये 'दाय वॉक', म्हणजे मोठा वॉक, हे मोठ्या संकटाचं नाव. १९५८ मध्ये चीन सरकारने उद्योग झपाट्याने वाढवण्यासाठी काढलेल्या 'मोठ्या झेपे'च्या मोहिमेत पोलादाचा आकडा गाठायला घराघरातली लोखंडी भांडी परसातल्या भट्ट्यांत वितळवली गेली आणि चुली सार्वजनिक भोजनगृहांत गेल्या. घरातून ग्वो जाणं म्हणजे काय, हे त्या पिढीला सांगावं लागत नाही.

माझ्या मते खरा फरक 'वॉक हेय' या शब्दात आहे. हेय म्हणजे श्वास, वाफ, जीव. भडक आचेवर पदार्थ उडवत परतला की तेलाचे थेंब ज्वाळेत पेट घेतात, पाणी क्षणात उडून जातं आणि जो धुरकट, खमंग वास उरतो तो वॉक हेय. त्यासाठी पत्रा पातळ हवा, म्हणजे आच वाढवताच भांडं तापतं. कार्बन स्टीलचा वॉक साधारण दीड-दोन मिलिमीटरचा असतो आणि एका हाताने उचलता येतो. बिडाची कढई जाड, जड. ती उशिरा तापते, पण धरलेली उष्णता सोडत नाही. भजी, पिठलं, मंद आचेवरची भरली वांगी यांना तीच हवी.

घरच्या शेगडीवर हॉटेलच्या भट्टीइतकी आच मिळत नाही. पूर्ण वॉक हेयची आशा धरू नका. एकेका माणसापुरतं थोडं थोडं परतलंत तर बरंच जवळ जाता येतं. वॉक भरलात की भाज्या पाणी सोडून शिजतात.

नूडल्स, फ्राइड राइस आठवड्यातून एकदा तरी होत असेल तर वॉक जरूर घ्या. गॅसवर गोल बुडाचा रिंगेवर बसवावा लागतो. इंडक्शन असेल तर सपाट बुडाचाच. नॉनस्टिक नको, एवढ्या आचेत त्याचा थर टिकत नाही. नव्या वॉकला तेल पाजून काळा होऊ द्या आणि तोवर त्यात चिंच-टोमॅटो घालू नका. महिन्यातून एखाद्या वेळचीच हौस असेल, तर पातळ लोखंडी कढई पुरते.