ॲलानिन आणि ल्युसिन: उपाशी शरीरातल्या दोन वाटा

प्रथिनांतल्या २० अमिनो आम्लांपैकी ही दोन मला मुद्दाम शेजारी ठेवावीशी वाटतात. ॲलानिन शरीर स्वतः बनवते. ग्लुकोज तुटताना बनणाऱ्या पायरुव्हेटला अमिनो गट, म्हणजे नायट्रोजन असलेला भाग, जोडला की झाले. ल्युसिन आहारातूनच यावे लागते.

खरा फरक उपासात दिसतो. स्नायू आपला जादा नायट्रोजन ॲलानिनवर लादून रक्तातून यकृताकडे धाडतात. तिथे नायट्रोजन युरियात जातो, उरलेल्या पायरुव्हेटपासून ग्लुकोज बनते आणि ते पुन्हा स्नायूंकडे येते. किती सुंदर फेरी! एकाच रेणूने कचराही वाहिला आणि इंधनाचा कच्चा मालही.

ल्युसिनला हे जमत नाही. त्याचा अमिनो गट मुख्यतः स्नायूंतच निघतो, कारण यकृतात त्यासाठीचे विकर फारच थोडे असते. उरलेल्या सांगाड्यापासून ॲसिटिल-कोए (दोन कार्बनचा गट वाहणारा रेणू) आणि ॲसिटोॲसिटेट हे कीटोन मिळते. ॲसिटिल-कोएचे जितके कार्बन सायट्रिक आम्ल चक्रात, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या अभिक्रियांच्या फेरीत, शिरतात, तितकेच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. निव्वळ ग्लुकोज हाती लागत नाही. लायसिन या आणखी एका अमिनो आम्लाचेही तसेच.

तरी ल्युसिनला कमी लेखू नये. स्नायूंत नवी प्रथिने बांधायला घ्या, हा इशारा पेशींना देण्यात अमिनो आम्लांमध्ये त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.