ओसाका–क्योतो–कोबे: रेल्वे अव्वल, पण आधी कंपनी ओळखा

ओसाकाहून क्योतोला जेआर (जपान रेल्वे), हांक्यू आणि केइहान अशा तीन कंपन्या नेतात. कोबेला जेआर, हांक्यू आणि हानशिन. या चुरशीमुळेच इथली रेल्वे इतकी चांगली आहे: गाड्या भरपूर, वेळ पक्की, डबे स्वच्छ. भाडं मात्र प्रत्येकीचं वेगळं. एकीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसलात की आकारणी बहुधा पहिल्यापासून होते, आणि ओसाका मेट्रोत एकच स्टेशन गेलात तरी १९० येन जातात.

जेआरची शिनकाईसोकु ही विशेष जलद गाडी इथली सर्वांत उत्तम सेवा. कमाल वेग ताशी १३० किमी, ओसाकाहून निघाल्यावर मध्ये फक्त शिन-ओसाका आणि ताकात्सुकी हे थांबे, क्योतो सुमारे अर्ध्या तासात. वेगासाठी जादा पैसे नाहीत. साधं तिकीट ५८० येन. हांक्यूची जलद गाडी ४१० येनमध्ये पाऊण तासाच्या आत पोचवते, पण क्योतो स्टेशनला जातच नाही. शहरातल्या कावारामाचीला, गिओन या जुन्या वस्तीजवळ सोडते. तेव्हा १७० येन वाचवण्यापेक्षा उतरायचं कुठे ते बघा. क्योतोतल्या फुशिमी इनारीच्या देवळाला ओसाकाहून केइहान सोयीची.

शिनकाईसोकुचं दुखणं तिच्या लांबीत आहे. काही गाड्या थेट दूरच्या त्सुरुगाहून येतात. वाटेत बिवा सरोवराच्या पश्चिमेला कोसेई मार्गावर हिरा डोंगरातून जोराचा वारा सुटला की वाहतूक थांबते आणि उशीर ओसाकापर्यंत झिरपतो. मार्ग बंद पडल्यावर जेआर दुसऱ्या कंपनीच्या गाडीने जाण्याची मुभा जाहीर करते; ती पास किंवा आधी काढलेलं कागदी तिकीट असणाऱ्यांना मिळते. प्रीपेड कार्डातल्या शिलकीवर तिकीट-फाटक ओलांडलेल्यांना मिळत नाही. हा नियम प्रवाशांवर अन्याय करणारा आहे, बदलायलाच हवा.

ओसाकाच्या उमेदा भागात नीट लक्ष द्या. जेआरचं ओसाका, हांक्यू आणि हानशिनची दोन वेगळी ओसाका-उमेदा, मेट्रोची उमेदा, हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा ही सगळी स्टेशनं एकमेकांना लागून आहेत. मेट्रोच्या या तिन्हींमध्ये गाडी बदलताना फाटकाबाहेर यावं लागतं, पण ३० मिनिटांच्या आत पुन्हा आत शिरलात तर प्रवास एकच धरतात.

ओसाकाहून कान्साई विमानतळाला जाणारी जेआरची जलद गाडी कांकू काईसोकु हिनेनो इथे दुभागते. पुढचे १ ते ४ डबे विमानतळाला, मागचे ५ ते ८ वाकायामाकडे. चढतानाच डब्यावरची पाटी वाचा.

हानशिन एक्स्प्रेसवे हा टोलचा जलदमार्ग भाड्याच्या मोटारीने फिरणाऱ्यांनी शहरात टाळावा. मधला वर्तुळमार्ग सुमारे १० किमीचा, एकदिशा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. फाटे डावीकडेही फुटतात आणि उजवीकडेही, त्यामुळे लेन लवकर धरावी लागते. फाटा चुकला तर पुन्हा अख्खा फेरा. टोल २०१२ पासून अंतरानुसार आहे, पण ईटीसी कार्ड (आपोआप टोल भरणारं) नसेल तर बहुतेक ठिकाणी कमाल टोल भरावा लागतो. गाडी घेताना कार्ड वेगळं मागून घ्या.

रेल्वेसाठी इकोका हे प्रीपेड कार्ड पुरेसं आहे: २,००० येन, त्यात ५०० अनामत. ते जेआर वेस्टच्या स्टेशनवर परत करताना शिलकीतून २२० येन कापतात, म्हणून आधी शिल्लक शून्यावर आणा. अनामत तर पूर्ण मिळतेच.