तालमीतली लाठी आणि माझी छत्री

लेकीला सोडायला म्हणून तीन महिने बाकावर बसले आणि चौथ्या महिन्यात स्वतःच लाठी हातात घेतली. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीत संध्याकाळी मर्दानी खेळ शिकवतात. पहिले पंधरा दिवस वस्ताद नुसते पवित्रे घोटून घेतात. लाठीला हात लावायचा नाही. "पाय चुकला की डोकं फुटलं," एवढंच बोलतात.

दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र झाला. फिरताना बघून अंगावर काटा येतो, पण तो घेऊन भाजी आणायला कोण जातंय? लाठीचं तसं नाही. मनगट वळायला लागलं की लांब दांड्याची छत्रीसुद्धा पुरते, समोरचा दोन हात लांब राहतो.

याआधी वर्षभर एका कराटे क्लासला पैसे भरले. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे संच, देखणे; त्याला फुल मार्क. पण कुणी मागून हात धरून ओढला तर काय करायचं, असं विचारलं की "ते पुढच्या बेल्टला". परीक्षेची फी मात्र वेळेवर!

प्रत्यक्षात कामाला आली ती ज्यूदोची उकेमी, म्हणजे न लागता पडायची रीत, भाच्यानं गादीवर शिकवलेली. पावसाळ्यात जिन्यावरून पाय सटकला. हनुवटी आपोआप छातीला टेकली, हात फाटकन फरशीवर. कोपर सुजलं, डोकं शाबूत.

तालमीला पाचपैकी चार. एक कापला, कारण बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. घरूनच सलवार-कमीज घालून जा, ओढणी नको.