कॅबमध्ये बसलेले असताना अपघात झाला तर: अ‍ॅपचा विमा, ग्राहक आयोग की ट्रिब्युनल?

२०२२ च्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे आमच्या कॅबला मागून टेम्पोने ठोकलं आणि कॅब मेट्रोच्या बॅरिकेडवर गेली. मी मागच्या सीटवर होतो, उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. त्यानंतर तिन्ही वाटा मी चाचपून बघितल्या, त्यामुळे आता ओळखीत कुणाचं असं काही झालं की फोन मला येतो. परवा ऐरोलीहून एका मित्राचा आला, वहिनींच्या पायात रॉड टाकलाय आणि त्याला एवढंच विचारायचं होतं की अ‍ॅपवाले देतायत ते घेऊ का केस करू. मी वकील नाही, अनुभवावरून सांगतोय. एफआयआर, पंचनामा, ट्रिपची पावती हे तुम्ही जपून ठेवलंय असं धरून चालतो.

अ‍ॅपच्या विम्याचा फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. वकील नको, तारखा नको, फॉर्म मोबाईलवरच भरायचा. मला साधारण दोन महिन्यांत हॉस्पिटलच्या बिलाच्या जवळपासची रक्कम देऊ केली होती. छोटी जखम असेल, टाके घालून घरी आला असाल, तर घ्या आणि मोकळे व्हा असंच मी म्हणेन.

माझं बिनसलं ते एका कागदावर. पैसे सोडायच्या आधी एका फॉर्मवर सही हवी होती, त्यात लिहिलेलं की ही रक्कम पूर्ण आणि अंतिम, यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही. आणि डॉक्टरांनी तर आधीच सांगितलेलं की वर्ष-दीड वर्षाने प्लेट काढायची, म्हणजे दुसरं ऑपरेशन, परत रजा, परत फिजिओ. त्या खर्चाचं काय हे मी चॅटवर तीनदा विचारलं, तीनदा वेगळा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि उत्तर एकच, आधी फॉर्म सबमिट करा, मग तक्रार बंद. प्लेट अजून हातात असताना त्याच हाताने 'पूर्ण आणि अंतिम' वर सही करायची हे मला काही केल्या पटेना. या घोळात जवळजवळ चार महिने गेले, आणि ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, अर्ज करायची कायद्यातली मुदत अपघातापासून सहाच महिन्यांची आहे, १ एप्रिल २०२२ पासून. त्या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद चाललाय, पण त्या भरवशावर कुणी बसू नये.

ग्राहक आयोगाचं थोडक्यात सांगतो. दोन वर्षांची मुदत, भाड्याची रक्कम छोटी असल्यामुळे फी नाही, वकिलाशिवायही जाता येतं. पण तिथे मुद्दा सेवेतल्या त्रुटीचा, म्हणजे अ‍ॅपची चूक दाखवावी लागते, आणि आम्ही फक्त मध्यस्थ, ड्रायव्हर आमचा नोकर नाही हा त्यांचा पवित्रा ठरलेला असतो. हाडं मोडलेल्या माणसाने मुख्य वाट म्हणून ही धरू नये असं मला वाटतं.

राहिलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मी ठाण्यात राहतो म्हणून ठाण्यातच अर्ज केला, राहत्या ठिकाणीही करता येतो. प्रवाशाची बाजू इथे भक्कम असते. कॅबवाला टेम्पोवर ढकलत होता, टेम्पोवाला कॅबवर, पण सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय की दोघांच्या चुकीने तिसऱ्याला लागलं तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो, त्यामुळे त्यांचं भांडण त्यांच्यापाशी. बुडालेला पगार, अपंगत्वाचे टक्के, वेदना आणि मुख्य म्हणजे पुढचा उपचार, सगळं मागता येतं. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे या भरपाईतून कापता येत नाहीत असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय, हे मित्राला माहीतच नव्हतं.

एक सावधगिरी. गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करता अडीच लाख मिळतात, मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, आणि हाड मोडलं तर ती गंभीर दुखापतच. पण विमा कंपनीशी तडजोडीत ते स्वीकारले की ट्रिब्युनलमधला दावा संपतो. खर्च तेवढ्यात भागत असेल तर हरकत नाही, पण आधी हिशोब मांडा. आणि वॉर्डात येऊन 'टक्क्यावर केस करून देतो' म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, वकिलाला भरपाईत वाटा ठरवून घ्यायची परवानगीच नाही.

वेळ लागतो, ते कबूल. माझे सव्वादोन वर्षं गेले आणि शेवटी लोकअदालतीत मिटलं, मागितलं होतं त्यापेक्षा कमीच, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं म्हणून विमा कंपनीला पुढे ताणता आलं नाही, आणि तोवर प्लेट निघाली होती, तिचं बिल त्याच हिशोबात धरलं गेलं.

मित्राला म्हटलं, वहिनींचा रॉड कधी काढणार आणि अंदाजे खर्च किती ते डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घे, आणि तो कागद हातात येईपर्यंत अ‍ॅपच्या फॉर्मवर वहिनींना सही करू देऊ नकोस.