घरशाळेसाठी इतिहास-विज्ञान: बालभारती की एनसीईआरटी?

मुलांना घरीच शिकवायचे ठरवलेल्या एका मैत्रिणीने विचारले, की पाचवी ते आठवीसाठी इतिहास-विज्ञानाची कोणती पुस्तके घ्यावीत: राज्याच्या बालभारतीची की केंद्राच्या एनसीईआरटीची. खर्चाचा प्रश्न उरत नाही, कारण दोन्हींच्या पीडीएफ मोफत उतरवता येतात.

भाषेचा मुद्दा मोठा आहे. बालभारतीची पुस्तके मराठीत मिळतात, एनसीईआरटीची मात्र इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत. त्यामुळे मराठीत विचार करणाऱ्या मुलाला शेजारी बसून समजावावे लागते.

इतिहासात बालभारती मला अधिक जवळची वाटते. चौथीचे पुस्तक संपूर्ण शिवचरित्राला वाहिलेले आहे, आणि त्यातला रायगड मुलाला प्रत्यक्ष चढून पाहता येतो. एनसीईआरटीचा पट देशव्यापी असल्याने मराठ्यांच्या वाट्याला कमी पाने येतात.

विज्ञानात माझा कौल एनसीईआरटीला आहे, कारण तिथे कृती मजकुरातच गुंफलेल्या असतात. हळद लावून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचा थेंब पडताच उमटणारा तांबडा डाग पाहिलेले मूल आम्लारी (बेस) म्हणजे काय ते विसरत नाही.

सतरा नंबरचा अर्ज (शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा) भरून राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल, तर दोन्ही विषयांना बालभारती घ्यावी. परीक्षेची घाई नसेल, तर इतिहास बालभारतीचा आणि विज्ञान एनसीईआरटीचे, अशी जोडी लावावी.