फिनॉमिनल लिहू की एक्स्ट्राऑर्डिनरी?

शिफारसपत्रात, ऑफिसच्या मेलमध्ये किंवा लिंक्डइनवर कोणाचं इंग्रजीत कौतुक करायचं असलं की हात आपसूक या दोन शब्दांकडे जातो. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘असाधारण’ असंच सापडतं, म्हणून कुठलाही उचलला तरी चालेल असं वाटतं. पण तसं नाही.

‘फिनॉमिनल’ला मोठेपणा लागतो. वेग, वाढ, विक्री, स्मरणशक्ती, प्रतिसाद, जिथे आकडा किंवा आवाका डोळ्यांत भरतो तिथे तो चपखल बसतो. ‘फिनॉमिनल मेमरी’ म्हटलं की ते कौतुकच, कोणी शंका घेत नाही. अपवाद तत्त्वज्ञानाचा. जर्मन तत्त्ववेत्ता कांटच्या लेखनात ‘फिनॉमिनल’ जग म्हणजे आपल्याला जसं जाणवतं तसं जग, थोर जग नव्हे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थच ‘दिसणं’. एम.ए.वाल्यांनी एवढं सांभाळावं.

‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ मात्र दुधारी. लॅटिनमधला अर्थ ‘नेहमीच्या क्रमाबाहेरचं’, त्यात चांगलं-वाईट काहीच नाही. सरकारी नोकरांना हे वेगळं सांगायला नको: महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधली असाधारण रजा, म्हणजे ‘एक्स्ट्राऑर्डिनरी लीव्ह’, चक्क बिनपगारी असते! कंपनीची ‘एक्स्ट्राऑर्डिनरी जनरल मीटिंग’ही काही दिमाखदार सोहळा नव्हे, वार्षिक सभेपर्यंत थांबता येत नाही म्हणून ती बोलावतात. आणि एखादा इंग्रज तुमचं म्हणणं ऐकून भुवई उंचावत ‘हाउ एक्स्ट्राऑर्डिनरी’ म्हणाला, तर लगेच हुरळून जाऊ नका. त्याला ‘काहीतरीच काय!’ असंही म्हणायचं असू शकतं.

दोन्हींच्या मागे ‘व्हेरी’ लावू नये, कानाला खटकतं. ‘ॲब्सोल्यूटली’ चालतं. ‘व्हेरी’चा मोह सुटतच नसेल तर ‘रिमार्केबल’ घ्या, त्याला ते पेलतं.

माझं विचाराल तर विक्रीचा अहवाल, क्रिकेटची खेळी, मैफलीला मिळालेली दाद यांना ‘फिनॉमिनल’. एखाद्याचं धैर्य किंवा कधी न घडलेला प्रसंग असेल तर ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’. शिफारसपत्रात मात्र मी दोन्ही टाळेन. तिथे साधं ‘रिमार्केबल’ लिहावं आणि ज्याची शिफारस करायची त्याने नेमकं काय केलं ते लगेच पुढच्या वाक्यात सांगावं. वाचणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी आलेली बाकीची सगळी पत्रंही फिनॉमिनल मुलांचीच असतात.